गावातलं तेल प्रयोगशाळेत नेण्याआधी

प्रयोगशाळेच्या खिडकीवर हा संवाद हमखास ऐकू येतो. "काय तपासायचं भाऊ?" "घाणीचं तेल आहे जी. शुद्ध आहे का तेवढं पाहून द्या." आणि गाडी तिथेच अडते. कारण प्रयोगशाळा एकेक पदार्थ मोजते. अफलाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, शोधायचं असेल तर त्याचं यंत्र वेगळं, कीटकनाशकाचं वेगळं, शिशाचं वेगळं, आणि प्रत्येकाचे पैसेही वेगळे. काय शोधायचं ते तुम्ही सांगितलं नाही, तर समोरचा माणूस नेहमीच्या चार चाचण्या करून कागद देईल. त्यावर 'मानकांनुसार' असं लिहिलेलं असेल, आणि ज्या गोष्टीची धास्ती घेऊन तुम्ही शंभर किलोमीटर एसटीने गेलात ती त्यात मोजलेलीच नसेल.

बचत गटाची घाणी चालवणाऱ्या बाया, शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, विज्ञानाचे मास्तर आणि ग्रामपंचायतीचे सदस्य यांच्यासाठी हे लिहितो आहे. रसायनशास्त्र यायलाच पाहिजे असं नाही. प्रश्न नीट विचारता आला आणि नमुना नीट घेता आला की बरंच काम झालं.

पहिलं काम: शंका लिहून काढा

वहीत एक ओळ लिहा: कशात, काय, आणि का वाटतं? 'शेंगदाणा तेल स्वस्त मिळालं, त्यात सरकीचं किंवा पामोलिन मिसळलं असेल' ही भेसळीची शंका झाली. 'दाणे पावसात भिजले होते, बुरशीचा वास येतो' ही विषाची शंका. दोन्हींचे रस्ते वेगळे. भेसळीत बहुतेक वेळा खिसा कापला जातो, दुसऱ्या प्रकारात जीव जाऊ शकतो. पैसे एकाच तपासणीपुरते असतील तर ते दुसरीवर खर्च करा.

आपल्या विदर्भात शंका कुठे कुठे घ्यावी, ते सांगतो.

भुईमुगात आणि मक्यात अफलाटॉक्सिन. अॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी ते तयार करते. ते डोळ्यांना दिसत नाही आणि शिजवून किंवा तळून जात नाही. कारखान्यात रिफाइंड करताना ते बहुतांश निघून जातं, घाणीच्या कच्च्या तेलात मात्र राहू शकतं. घाणीचं तेल चांगलंच आहे, मीही तेच खातो. पण तिथे विष काढून टाकणारी पायरी नसते, म्हणून दाणाच चांगला लागतो.

मोहरीत पिवळ्या धोतऱ्याचं बी. बांधावर, पडीक रानात पिवळ्या फुलांचं काटेरी झाड असतं ना, तेच. त्याचं काळं बारीक बी मोहरीत मिसळलं तर ओळखू येत नाही. 1998 साली दिल्लीत अशा भेसळीच्या मोहरी तेलाने 60 च्या वर माणसं दगावली. पाय सुजणं, धाप लागणं ही त्याची लक्षणं.

सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य. कापसाच्या बियांत ते निसर्गतःच असतं आणि रिफाइंड करताना निघतं. म्हणून सरकीचं कच्चं तेल खायचं नाही, घाणीवर कोणी हौसेने काढून दिलं तरी नाही.

सॉल्व्हंट प्लांटमध्ये हेक्झेन नावाच्या द्रावकाने सोयाबीनचं तेल काढतात; ते तेलात राहिलं का हा एक प्रश्न, त्याची मर्यादा किलोला 5 मिलिग्रॅम. घाणीच्या यंत्रातून गळणारं वंगण आणि तागाच्या पोत्यांना लावलेलं खनिज तेल हा दुसरा. हळदीत रंग खुलवायला घातलेलं लेड क्रोमेट, म्हणजे शिसं. वायगावच्या हळदीला आणि भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या नावाने बाजारात काय काय विकलं जातं, ते आठवडी बाजारात फिरणाऱ्याला सांगायला नको.

आणि सगळ्यात वर कीटकनाशक. 2013 च्या जुलैत बिहारच्या सारण जिल्ह्यात धर्मासती गंडामन गावच्या शाळेत मध्यान्ह भोजनातून 23 मुलं गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं. हेच औषध यवतमाळच्या शेतकऱ्यांनाही चांगलं माहीत होतं. 2017 च्या हंगामात फवारणी करताना त्या जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं विषबाधेने मेली. ज्या घरात औषधाचा रिकामा डबा 'चांगला आहे, टाकून काय द्यायचा' म्हणून ठेवला जातो, तिथे तेल तपासण्याआधी तो डबा भोकं पाडून निकामी करा. बीजप्रक्रिया केलेलं गुलाबी-हिरवं सोयाबीन पेरून उरलं तर तेही घाणीवर किंवा गिरणीत जाता कामा नये. त्याला तपासणी हा उपाय नाहीच.

शंका चुकीच्या वस्तूवर घेतली तर काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातलं आहे. 2024 संपता संपता तिथल्या काही गावांत लोकांचे केस भराभर गळू लागले. आधी सगळ्यांची नजर पाण्यावर आणि शाम्पूवर गेली. पुढे रुग्णांच्या शरीरात सेलेनियम नावाचं मूलद्रव्य जास्त निघालं, आणि महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हाचे नमुने तपासून घेऊन त्यातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. पाण्याच्या कितीही बाटल्या तपासल्या असत्या तरी गव्हातलं सेलेनियम त्यात दिसणार नव्हतं. म्हणून वहीतल्या त्या ओळीत 'कशात' या शब्दापुढे एकच वस्तू लिहून थांबू नका. आजारी पडलेल्या घरांत सारखं काय खाल्लं गेलं, आणि ज्या घरात कुणी आजारी नाही तिथे काय वेगळं होतं, हे दोन्ही विचारा.

कुणी आजारी असेल तर

तपासणी नंतर. आधी 108. तोंडाला फेस, खूप घाम, बाहुल्या टाचणीएवढ्या बारीक, ही कीटकनाशकाच्या विषबाधेची लक्षणं आहेत. उरलेलं अन्न, तेलाचा डबा, पिशवी, सगळं झाकून बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. भांडी घासू नका.

घरी आणि शाळेत काय जमतं

कमी जमतं, हे आधीच सांगतो. घरच्या चाचणीत ढोबळ भेसळ दिसते. किलोत काही मायक्रोग्रॅम असलेलं विष घरी दिसत नाही, मोबाइलवर कोणताही व्हिडिओ आला तरी. शेंगदाणा तेल फ्रिजमध्ये गोठलं म्हणजे चांगलं, असं एक चालतं. पामोलिन त्याहून लवकर गोठतं, मग त्या चाचणीने काय कळलं?

पण काही चाचण्या खरंच करण्याजोग्या आहेत. त्यांतली एक सविस्तर सांगतो, कारण तिच्यावरून बाकीच्यांची रीत कळते.

दुधात युरिया. साहित्य आपल्या घरचंच: कच्च्या सोयाबीनचं किंवा कच्च्या तुरीचं पीठ आणि लाल लिटमस कागद. भाजलेलं पीठ चालत नाही, कारण काम करतं ते पिठातलं युरिएज हे विकर (एन्झाइम), आणि भाजलं की ते मरतं. काचेच्या नळीत चमचाभर दूध घ्या, अर्धा चमचा पीठ घाला, नीट हलवा, पाच मिनिटं ठेवा. मग लाल लिटमस अर्धा मिनिट बुडवा. निळा झाला तर वरून युरिया घातल्याचा संशय.

इथे थांबलात तर मात्र चाचणी अर्धवट राहिली. दुधात थोडा युरिया निसर्गतःही असतो. म्हणून एका वेळी तीन नळ्या लावा. पहिलीत स्वतःच्या डोळ्यांसमोर काढलेलं दूध, दुसरीत त्याच दुधात तुम्हीच चिमूटभर युरिया घालून, तिसरीत संशयाचं दूध. दुसरी नळी निळी झाली नाही तर पीठ किंवा कागद खराब आहे. पहिलीही निळी झाली तर दुधातला निसर्गतः असलेला युरियाच दिसतो आहे, किंवा तुमच्या हाताला किंवा नळीला काही लागलेलं आहे. पहिली लाल, दुसरी निळी आली, तरच तिसरीकडे बघायचा तुम्हाला हक्क आहे. चाचणी झाली की तिन्ही नळ्यांतलं ओतून द्या, आणि त्या नळ्या पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. हळद असो, मिरची असो की तेल, जोडीला एक चांगला आणि एक मुद्दाम बिघडवलेला नमुना नसेल तर निकाल कुणाला सांगू नका. गावात एखाद्या दुकानदाराचं नाव बदनाम व्हायला एक निळा कागद पुरतो.

हळदीत मेटॅनिल यलो नावाचा रंग. हळद पाण्यात कालवून गाळा, वरच्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाका. गुलाबी-जांभळा रंग आला आणि आणखी पाणी ओतूनही टिकला तर संशय पक्का. नुसत्या हळदीचा आलेला रंग पाणी घातलं की जातो. शाळेच्या प्रयोगशाळेतच करा, मास्तरांसमोर. शिसं मात्र या चाचणीत कळत नाही.

शाळेत ब्युरेट असेल तर तेलाचं आम्लमूल्य, म्हणजे तेल किती बिघडलं याचा आकडा, काढता येतं, आणि घाणीवाल्या गटाने हे शिकून घ्यावंच. शंकूपात्रात 10 ग्रॅम तेल अचूक मोजा. उदासीन केलेलं गरम अल्कोहोल 50 मिलिलिटर घाला, फिनॉल्फ्थॅलिनचे काही थेंब टाका, आणि 0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडत पात्र हलवत राहा. फिका गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. समजा 5 मिलिलिटर लागलं. 28.2 गुणिले 5 गुणिले 0.1, भागिले 10, म्हणजे 1.41 टक्के मुक्त स्निग्धाम्ल; दुपटीने आम्लमूल्य, साधारण 2.8. हे विष मोजत नाही. पण एकाच गावच्या दाण्यांतून नेहमी 1 च्या आसपास येणारा आकडा एका खेपेला 3 वर गेला, तर दाणा जुना, भिजलेला किंवा फुटका आहे. प्रयोगशाळेत नेण्यासारखी खेप तीच. सगळ्या खेपा महागड्या तपासणीला पाठवायला कुणालाच परवडत नाही, म्हणून ही गाळणी उपयोगाची.

पिवळ्या धोतऱ्यासाठी तीव्र नायट्रिक आम्लाची चाचणी पुस्तकात सापडेल. ती करू नका. आम्ल धोक्याचं आहे, आणि दुसऱ्या कारणांनीही तसाच रंग येऊ शकतो. त्याची खात्री प्रयोगशाळेतल्या क्रोमॅटोग्राफीनेच, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून ओळखण्याच्या पद्धतीनेच होते.

चौकातल्या आलूबोंड्याच्या कढईसाठी वेगळं मीटर मिळतं. गरम तेलात बुडवलं की 'टोटल पोलर कंपाउंड'चं, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापून त्यात तयार होणाऱ्या पदार्थांचं, प्रमाण दाखवतं. 25 टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल तळायला वापरायचं नाही, हा नियम 1 जुलै 2018 पासून आहे. मीटर महाग असतं, तालुक्याच्या चार-पाच ग्रामपंचायतींनी मिळून एक घेतलं तर चालतं.

नमुना

खरी मेहनत इथे. अफलाटॉक्सिनची मर्यादा प्रक्रियेला जाणाऱ्या शेंगदाण्यात किलोला 15 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एक टन दाण्यात मिळून 15 मिलिग्रॅम. आणि ते सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाण्यांत दोन-चार सडके, आणि विष त्यांच्यातच एकवटलेलं. वरून मूठभर उचललेला नमुना नेला तर त्यात ते दाणे येतात किंवा येत नाहीत, सगळा नशिबाचा खेळ.

म्हणून असं करा. प्रत्येक पोत्यात वर, मध्ये आणि बुडाशी पोकळ नळी घालून थोडेथोडे दाणे काढा. सगळे मिळून 4-5 किलो तरी झाले पाहिजेत. स्वच्छ ताडपत्रीवर ढीग करा, फावड्याने दोन-तीनदा उलटापालटा, ढीग चपटा करून चार भाग पाडा. समोरासमोरचे दोन भाग ठेवा, दोन परत पोत्यात. उरलेल्याचं पुन्हा तसंच. शक्य असेल तर वाटणीच्या आधी सगळे दाणे भरड दळून घ्या, मग मिसळण चांगलं होतं. शेवटी किलोभर उरेल, ते कापडी किंवा कागदी पिशवीत भरा. प्लास्टिकमध्ये घाम धरतो आणि वाटेतच बुरशी वाढते. सडके दाणे हाताने वेचून काढून नमुना पाठवणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक. आणि 'वाईट असतील तेच पाठवू' हेही नको. त्या अहवालावरून बाकीच्या पोत्यांबद्दल काहीच सांगता येत नाही.

तेलाचं सोपं आहे, पण गाळ खाली बसतो आणि पाणीही. पिपा आधी स्वच्छ दांड्याने ढवळा. दोन बाटल्या भरा, अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या, गडद काचेच्या. बाटली धुतल्यावर पूर्ण वाळली पाहिजे. हेक्झेन शोधायचं असेल तर काठोकाठ भरून घट्ट बंद करा, कारण ते उडून जातं. शिसं किंवा प्लास्टिकमधून उतरणारे पदार्थ शोधायचे असतील तर बाटली आणि झाकण कसलं हवं ते प्रयोगशाळेला आधी फोन करून विचारा. एक बाटली जाईल, दुसरी थंड अंधाऱ्या जागी गटाकडे राहील. अहवालावर वाद झाला तर ती कामाला येते.

चिठ्ठीवर लिहायचं: काय आहे, कुठून आणि कधी घेतलं, बॅच नंबर किंवा पोत्यांची संख्या, कुणी भरलं, कुणासमोर. दोन साक्षीदारांच्या सह्या. झाकणावर कागदी पट्टी चिकटवून तीवरही सही, म्हणजे कुणी उघडलं तर कळतं. पिपाचा आणि लेबलचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

कुठे न्यायचं

शंका दुकानातल्या मालाची असेल तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात सहायक आयुक्त (अन्न) यांच्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने स्वतः, पंचनामा करून, चार भागांत घेतलेला नमुनाच कारवाईला टिकतो. अन्न विश्लेषकाने अहवाल 14 दिवसांत द्यावा असं कायदा सांगतो. तुम्ही घरून नेलेल्या बाटलीवरून दुकानदारावर खटला होत नाही, हे कळलं की बराच मनस्ताप वाचतो.

दुसरी एक वाट फार थोड्यांना ठाऊक आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 च्या कलम 40 नुसार कोणीही ग्राहक विकत घेतलेला माल फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एवढीच की विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगायचं. माल नियमाबाहेर निघाला तर फी परत मिळते.

स्वतःच्या घाणीचा माल तपासायचा असेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) ची मान्यता असलेली आणि एफएसएसएआयने (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने) अधिसूचित केलेली प्रयोगशाळा गाठा. मान्यता आहे का, याआधी 'नेमक्या या घटकासाठी मान्यता आहे का' हे विचारा. मान्यता घटकागणिक असते. कुठली चाचणी घ्यावी याबद्दल सल्ला हवा असेल तर नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत (आता ते विद्यापीठ झालं आहे) तेल तंत्रज्ञान शिकवतात, तिथे विचारता येतं. दाण्यातला ओलावा मोजायला जवळचं कृषी विज्ञान केंद्र विचारून पाहा.

अहवाल हातात आला की

आधी एकक पाहा. मिलिग्रॅम प्रति किलो आणि मायक्रोग्रॅम प्रति किलो यांत हजारपटीचा फरक आहे. 'बीएलक्यू' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ त्या पद्धतीला मोजता येईल त्याहून कमी. मग ती पद्धत किती खालपर्यंत मोजते, हा आकडा शोधा. मर्यादा 15 असताना पद्धतच 20 पासून पुढे मोजणारी असेल, तर तो 'बीएलक्यू' निरुपयोगी आहे. आणि 'नमुना ग्राहकाने आणून दिला' अशी ओळ बहुतेक अहवालांत असते. ती कमीपणाची नाही. निकाल त्या बाटलीचा आहे, तुमच्या सगळ्या मालाचा नाही, एवढंच ती सांगते.

निकाल वाईट आला तर त्या खेपेचं तेल विकणं त्याच दिवशी थांबवा, कुणाकुणाला गेलं ते वहीतून काढा आणि परत मागवा. बॅचची वही नसेल तर हे होणारच नाही, म्हणून वही पहिल्या पिपापासून ठेवा.

अफलाटॉक्सिन निघालं तर ढेपेकडे, म्हणजे तेल काढून उरलेल्या पेंडीकडे, लगेच बघा. दाणे पिळले की यातला मोठा भाग तेलात न जाता ढेपेत राहतो. ती ढेप गोठ्यात गेली तर ते विष गाईच्या पोटातून दुधात अफलाटॉक्सिन एम1 म्हणून उतरतं. दुधात त्याची मर्यादा किलोला अवघी 0.5 मायक्रोग्रॅम, आणि ते दूध उकळल्यानेही जात नाही. घाणीवरून ढेप कोण घेऊन गेलं, त्यांच्या घरी आजच निरोप धाडा. न विकलेली ढेप वेगळ्या पोत्यात भरून तोंड शिवा, वर तारीख आणि 'जनावरांना देऊ नये' असं मोठ्या अक्षरात लिहा, आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय ते पोतं उघडू नका.